तोफा चालू असताना मानपत्र कोणाला?

१९४२ साली नाशिकात मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते आचार्य प्र. के. अत्रे. संमेलनांच्या कुठल्याही यादीत ही एक ओळ सापडते. त्या ओळीच्या आजूबाजूला काय चाललं होतं ते यादी सांगत नाही. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं, ऑगस्टमध्ये मुंबईत ‘चले जाव’चा ठराव झाला आणि तुरुंग भरू लागले. गावाबाहेर देवळालीच्या छावणीत गोऱ्या पलटणींची ये-जा होती. विलायतेहून उतरलेला सोल्जर आधी तिथे यायचा आणि मग त्याची पुढची रवानगी व्हायची. कागद मिळेनासा झाला होता, वर्तमानपत्रांची पानं घटत होती. अशा वर्षात मराठी लेखकांनी गोदाकाठी मांडव घातला, एकाला खुर्चीवर बसवलं आणि त्याचं भाषण ऐकलं.

याला बेफिकिरी म्हणायचं की जिद्द, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडत आला आहे. मराठीत तेव्हा आजच्यासारखी पुरस्कारांची सुगी नव्हती. साहित्य अकादमी १९५४ सालची, ज्ञानपीठ त्याहून पुढचं. संमेलनाचं अध्यक्षपद हाच लेखकाला दरसाल मिळू शकणारा सर्वांत मोठा मान. युद्धाच्या वर्षांत हा मान कोणाकोणाला मिळाला ते पाहा. १९४० रत्नागिरी, ना. सी. फडके. १९४१ सोलापूर, वि. स. खांडेकर. १९४२ नाशिक, अत्रे. १९४३ सांगली, श्री. म. माटे. १९४४ धुळे, मामा वरेरकर. पाच वर्षांत एकदाही खंड नाही. खंड पडला तो १९४५ मध्ये, म्हणजे युद्ध संपलं त्या वर्षी! तिकडे स्वीडनमध्ये, जो देश युद्धात उतरलाही नव्हता, तिथे साहित्याचं नोबेल १९४० ते १९४३ अशी सलग चार वर्षं कोणालाच दिलं गेलं नाही.

त्याच काळात नाट्यसृष्टीनेही आपला सोहळा टाळला नाही. १९४३ साली सांगलीला मराठी रंगभूमीचा शताब्दी महोत्सव झाला आणि त्याचं अध्यक्षपद दिलं गेलं वि. दा. सावरकरांना. सावरकर भगूरचे. भगूर आणि देवळालीची छावणी यांत अंतर ते केवढं! हिंदू तरुणांनी सैन्यात भरती व्हावं म्हणून सावरकर त्या दिवसांत गावोगाव सांगत होते. तेच सांगलीला नाटकाच्या शंभर वर्षांबद्दल बोलायला उभे राहिले. युद्ध आणि रंगभूमी एकाच माणसाच्या तोंडून बोलत होती, आणि कोणाला त्यात विसंगती वाटली नाही.

पण १९४२ सालचा नाशिकच्या दृष्टीने खरा सन्मान मांडवात झालाच नाही. तो झाला कोल्हापुरातून. वि. वा. शिरवाडकर नावाचा तिशीचा तरुण तेव्हा वर्तमानपत्रांत नोकऱ्या करत होता. जन्म पुण्याचा, बालपण पिंपळगाव बसवंतचं, शिक्षण नाशिकचं. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात त्याने भाग घेतलेला, नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये सिनेमाची उमेदवारी केलेली, आणि मग ‘प्रभा’, ‘प्रभात’, ‘सारथी’, ‘धनुर्धारी’, ‘नवयुग’ अशी नियतकालिकांमागून नियतकालिकं. त्याच्या कविता खांडेकरांनी वाचल्या. खांडेकर आदल्याच वर्षी संमेलनाध्यक्ष होऊन गेलेले, ‘क्रौंचवध’ त्याच साली येत होती. त्यांना आणखी कीर्तीची गरज नव्हती. त्यांनी ‘विशाखा’ हा संग्रह स्वतःच्या खर्चाने काढला, प्रस्तावना लिहिली आणि कवीची ओळख मानवतेचा कवी अशी करून दिली. कागदाचा भाव चढलेला असताना दुसऱ्याच्या कवितांवर पदरचे पैसे घालणं! परीक्षक मंडळ नाही, शाल-श्रीफळ नाही, टाळ्या नाहीत. युद्धकाळात मराठीत दिलेलं सर्वांत मोठं पारितोषिक कोणतं असं मला कोणी विचारलं, तर मी खांडेकरांच्या त्या छपाईच्या बिलाकडे बोट दाखवीन.

त्याच काळातल्या दुसऱ्या एका पुस्तकाच्या वाट्याला हेही आलं नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची. युरोपातून निघालेलं एक जहाज, त्यावर चक्रधर नावाचा मराठी माणूस, हॅर्टा ही जर्मनीतून पळालेली ज्यू तरुणी, आणि दोघांच्या मागे पेटायच्या बेतात असलेलं जग. दुसऱ्या महायुद्धाबद्दल मराठीने लिहिलेली पहिली आणि आजही सर्वांत चांगली कादंबरी ही युद्ध सुरू झालं त्याच वर्षी आलेली आहे. अकादमीने बेडेकरांना गौरवलं ते १९८५ साली, ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राबद्दल. मध्ये सेहेचाळीस वर्षं गेली आणि पुस्तकही वेगळं निघालं. १९३९ मध्ये अकादमीच नव्हती, तेव्हा दोष कोणाला द्यायचा, हे खरं. पण युद्धाचं पुस्तक आणि त्याचा मान यांची आपल्याकडे गाठ पडत नाही, याची ही सुरुवात म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत ती गाठ पहिल्या दिवसापासून पडली. पुलित्झर पारितोषिकं सुरू झाली १९१७ च्या जूनमध्ये. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरून तेव्हा दोन महिने झाले होते. वार्तांकनाचं पहिलंच पारितोषिक गेलं हर्बर्ट बेयर्ड स्वोप या बातमीदाराला, जर्मन साम्राज्याच्या आतून लिहिलेल्या लेखमालेबद्दल. दुसऱ्या महायुद्धात तर पत्रकारितेची बक्षिसं जवळजवळ रणभूमीनेच वाटून घेतली. त्यांतल्या दोघातिघांकडे जरा जवळून पाहू.

अर्नी पाइल हा साध्या शिपायाबरोबर खंदकात राहणारा स्तंभलेखक. १९४४ चं पुलित्झर त्याला मिळालं. त्याच हिवाळ्यात त्याने इटलीतल्या डोंगरावरून एक मजकूर धाडला. हेन्री वॅस्को नावाच्या कॅप्टनचं प्रेत रात्री खेचरावर लादून खाली आणतात, एका दगडी भिंतीपाशी ठेवतात. त्याच्या तुकडीतले जवान एकेक करून येतात. कोणी शिवी हासडतो, कोणी नुसता बघत उभा राहतो. एकजण खाली बसून त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ तसाच राहतो, मग उठताना त्याच्या शर्टाची कॉलर नीट करतो. बस, एवढंच. कोणत्या टेकडीवर चढाई झाली, किती शत्रू मारले, जिंकलं कोण, यातलं काही नाही. पुढच्या वर्षी, १८ एप्रिल १९४५ ला, ओकिनावाजवळच्या एका छोट्या बेटावर जपानी गोळीने पाइल स्वतःच गेला.

दुसरा बिल मॉल्डिन. हा व्यंगचित्रकार होता आणि खुद्द सैन्यात नोकरीला होता. त्याचे विली आणि जो हे दोन शिपाई दाढी वाढलेले, चिखलाने माखलेले, वरिष्ठांना कंटाळलेले. जनरल पॅटनला ही चित्रं सहन होईनात. त्याने मॉल्डिनला समोर उभं करून झापलं: असले गबाळे शिपाई दाखवून सैन्याची शिस्त बिघडवतोस! मॉल्डिनने ऐकून घेतलं आणि चित्रं चालूच ठेवली. त्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

आणि जॉर्ज वेलर. याची गोष्ट थोडी लांबवून सांगण्यासारखी आहे. पॅसिफिकमध्ये पाण्याखाली असलेल्या एका पाणबुडीत एका खलाशाचं अपेंडिक्स फुगलं. डॉक्टर नाही. औषधं सांभाळणाऱ्या पोराने चहाची गाळणी आणि वाकवलेले चमचे हत्यारं म्हणून वापरून त्याचं पोट उघडलं आणि जीव वाचवला. वेलरने ती हकीगत लिहिली आणि १९४३ चं पुलित्झर मिळवलं. दोन वर्षांनी हाच वेलर मनाईहुकूम मोडून नागासाकीत पोचला. अणुबॉम्बनंतर दिवसेंदिवस माणसं कशी मरताहेत, इस्पितळात कोणता विचित्र आजार दिसतो आहे, हे त्याने पानंच्या पानं लिहून पाठवलं. अमेरिकी लष्कराच्या सेन्सॉरने त्यातला शब्दही बाहेर जाऊ दिला नाही. ती बातमीपत्रं त्याच्या मृत्यूनंतर मुलाला सापडली आणि साठ वर्षांनी छापली गेली.

मग नागासाकीबद्दलचं पुलित्झर कोणाला मिळालं? १९४६ साली विल्यम लॉरेन्स या न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराला. तो बॉम्ब टाकणाऱ्या मोहिमेबरोबर विमानातून गेला होता आणि आकाशातून दिसलेला स्फोट त्याने वर्णन केला. तो अणुबॉम्बच्या सरकारी प्रकल्पाच्याही कामावर होता. किरणोत्सर्गाने माणसं मरताहेत या बातम्या म्हणजे जपान्यांचा प्रचार, असंही त्याने त्या काळात लिहिलं. वरून पाहणाऱ्याला पदक, खाली उतरून पाहणाऱ्याच्या कागदांना कुलूप. जॉन हर्सीचंही असंच. १९४५ ला त्याला पुलित्झर मिळालं ते ‘अ बेल फॉर अडानो’ या कादंबरीबद्दल. १९४६ साली ‘न्यूयॉर्कर’ने अख्खा अंक देऊन छापलेल्या ‘हिरोशिमा’ला पुलित्झर नाही. आजही वाचतात ते हेच दुसरं पुस्तक.

तेव्हा अमेरिकेने युद्धकाळात पत्रकारांना डोक्यावर घेतलं आणि आपण नाही, असं म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. तोफा चालू असताना दिलेलं पारितोषिक सरकारच्या किती जवळ जाऊन बसेल याचा नेम नसतो. पाइल आणि लॉरेन्स एकाच पंगतीला बसलेले दिसतात ते यामुळेच.

आता आपल्या १९६२ कडे येऊ. २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ हे वाक्य घराघरात पोचलं. लोकसभेवर जायला त्यांना मतदारसंघ लागणार होता. तो नाशिकने दिला, १९६३ च्या पोटनिवडणुकीत आणि बिनविरोध. पुढच्या वर्षी ओझरला मिग विमानांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. १९६५ च्या युद्धात देशाचा संरक्षणमंत्री हा नाशिकचा खासदार होता, ही गोष्ट नाशिककर आजही अभिमानाने सांगतात. या शहराचा युद्धाशी असलेला संबंध वर्तमानपत्रातल्या मथळ्यापुरता नाही. देवळालीचं तोफखाना स्कूल, ओझरचा कारखाना, बा. शि. मुंज्यांनी १९३७ मध्ये काढलेलं भोसला मिलिटरी स्कूल. इथल्या कितीतरी घरांची भाकरी लष्कराशी बांधलेली आहे.

चीनचा हल्ला झाला तेव्हा कुसुमाग्रजांनी, म्हणजे ‘विशाखा’च्या शिरवाडकरांनी, हिमालयावर लिहिलेलं गीत महाराष्ट्रभर गाजलं. दीड वर्षाच्या आत, १९६४ मध्ये, मडगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. मडगाव! गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती, तेही लष्करी कारवाईने. सैन्याने मोकळ्या केलेल्या भूमीवर मराठीचं संमेलन आणि व्यासपीठावर नाशिकचा कवी. हा योग कोणी ठरवून जुळवला असेल असं मला वाटत नाही, पण १९४२ नंतर युद्ध आणि सन्मान यांच्या सर्वांत जवळ नाशिक आलं ते इथे.

बाकी ठिकाणी मराठीने काय केलं? अकादमीची यादी काढून बसलं की मजा दिसते. १९६२, चीनचं युद्ध: पु. य. देशपांडे यांची ‘अनामिकाची चिंतनिका’. १९६५, पाकिस्तानचं युद्ध: पु. ल. देशपांडे यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’. १९७१, बांगलादेश: दुर्गा भागवतांचं ‘पैस’. रणगाडे खेमकरणला भिडले त्या वर्षी मराठी पुस्तकांत सर्वश्रेष्ठ ठरले ते नारायण, हरितात्या आणि अंतू बर्वा. ढाक्याला शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या त्या वर्षी मान मिळाला नेवाशाच्या ज्ञानेश्वरांच्या खांबाजवळून सुरू होणाऱ्या चिंतनाला. अकादमीच्या नियमाने आधीच्या काही वर्षांतली पुस्तकं विचारात घेतली जातात, तेव्हा युद्धाचं प्रतिबिंब लगेच दिसणार नाही हे उघड आहे. पण नंतरही ते दिसत नाही. पुढची यादी कितीही खाली वाचत जा, खंदकातून लिहिलेलं मराठी पुस्तक हाती लागत नाही.

मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. उलट थोडा अभिमानच वाटतो. रेडिओवर युद्धाच्या बातम्या चालू असताना ज्या भाषेने अंतू बर्व्याला पुढे केलं, तिला आपण काय वाचवायला लढतो आहोत हे ठाऊक होतं असं म्हणता येईल. अमेरिकेतसुद्धा १९४५ चं संगीताचं पुलित्झर एरन कोपलंडच्या ‘ॲपलॅचियन स्प्रिंग’ला मिळालं, आणि ते नृत्यसंगीत पेनसिल्व्हेनियातल्या एका नवविवाहित शेतकरी जोडप्याचं आहे. बॉम्बवर्षाव चालला असताना लोकांना घर, शेत आणि वसंत ऋतू ऐकावासा वाटला.

मात्र आपली दुसरी खोड सांगायलाच हवी. मराठी माणसाचं युद्ध नेहमी सतराव्या-अठराव्या शतकात होतं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, अकादमीचा मान १९६४ चा. पानिपतच्या पराभवानंतर राज्य सावरणारा तरुण पेशवा आणि चीनकडून मार खाऊन बसलेला वाचक. हे पुस्तक त्या दोन वर्षांत इतकं का डोक्यावर घेतलं गेलं, याचं एक कारण माझ्या मते इथे आहे. नाशिकच्या एचपीटी कॉलेजात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आलं तेही १९६२ मध्येच. १९६६ ला अकादमीने गौरवलं त्र्यं. शं. शेजवलकरांच्या ‘श्रीशिवछत्रपती’ला, शेजवलकर तेव्हा हयात नव्हते. सगळी पुस्तकं आपापल्या जागी मोठी आहेत. पण वालाँग, लडाख, खेमकरण हे शब्द त्यांत कुठे येणार? ते आले निवृत्त सैनिकांच्या लेखणीतून: लेफ्टनंट जनरल शं. पां. थोरातांची ‘माझी शिपाईगिरी’, चिनी कैदेत राहून आलेल्या लेफ्टनंट कर्नल श्याम चव्हाणांची ‘वालाँग – एका युद्धकैद्याची बखर’, मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’. साहित्यिक चर्चेत ही पुस्तकं किती वेळा येतात? वाचनालयाच्या ‘माहितीपर’ कपाटात त्यांची रवानगी होते आणि तिथेच ती राहतात.

याच काळात नाशिकच्याच विहितगावच्या बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आलं, १९६३ मध्ये. सीमेवरचं युद्ध नुकतंच थांबलं होतं. बागुलांनी गावाच्या, गिरणीच्या, रेल्वेच्या आतलं युद्ध लिहिलं. त्यांना कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘जनस्थान’ पुरस्कार मिळाला तो २००७ साली, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. म्हणजे चौरेचाळीस वर्षं. बेडेकरांपेक्षा दोनच कमी.

संगीताबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण सांगण्यासारखी मोठी गोष्ट एकच आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे. २७ जानेवारी १९६३, दिल्ली. कवी प्रदीपांचे शब्द, लताबाईंचा आवाज, समोर पंडित नेहरू. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांचं. नाशिकहून गोदावरी खाली वाहत जाते ती पुणतांब्यावरूनच. युद्धाने हिंदुस्थानला दिलेलं सर्वांत मोठं गाणं कुठल्याही चित्रपटातलं नव्हतं, त्यामुळे चित्रपटसंगीताच्या वार्षिक बक्षिसांच्या चौकटीत ते बसणारच नव्हतं. पुलित्झरवाल्यांनी १९४३ मध्ये, ऐन युद्धात, संगीताचं पारितोषिक नव्याने सुरू केलं आणि पहिलं विल्यम शूमनच्या एका समूहगायनाच्या रचनेला दिलं. आपल्याकडे तसा विचार झाल्याचं दिसत नाही. त्या गाण्याला त्याची उणीव भासली नाही, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

राहिली पत्रकारिता, आणि हा लेख लिहायचं कारणही तीच. १९९० मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठान स्थापन झालं आणि १९९१ पासून एक वर्षाआड ‘जनस्थान’ पुरस्कार देण्यात येऊ लागला. पहिले मानकरी विजय तेंडुलकर. मग विंदा करंदीकर, इंदिरा संत, गंगाधर गाडगीळ. १९९९ ला व्यंकटेश माडगूळकर. त्या वर्षी १० मार्चला तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, गेले आणि मे महिन्यात कारगिल पेटलं. २०२५ चा ‘जनस्थान’ सतीश आळेकरांना. काही आठवड्यांतच पहलगाम आणि मग ‘ऑपरेशन सिंदूर’. मधल्या वर्षांत प्रतिष्ठानचे ‘गोदावरी गौरव’ असतात: विज्ञान, चित्र-शिल्प, संगीत, नाट्य-चित्रपट, क्रीडा-साहस, लोकसेवा अशा क्षेत्रांतल्या माणसांचा कृतज्ञतेने केलेला सत्कार. म्हणजे साहित्याचं दालन आहे, संगीताचं आहे. पत्रकारितेचं स्वतंत्र दालन नाही. ज्या माणसाच्या नावाने हे सगळं चालतं त्याने तारुण्यातली वर्षं वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत घालवली, ‘विशाखा’ आली तेव्हा तो पत्रकारच होता, हे ध्यानात घेतलं की ही उणीव अधिक टोचते. पत्रकार या यादीत येतात ते लेखक म्हणून. तेंडुलकरांनी वर्तमानपत्रांत काम केलं, पण मान नाटककाराला. २०१५ चे मानकरी अरुण साधू आयुष्यभर पत्रकार, पण मान कादंबरीकाराला.

खरं तर युद्धाची बातमी मराठीला नवी नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेले आणि १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडले. भटजींनी तोफांचे आवाज, लूट, शहरातली प्रेतं, विहिरी, पळापळ सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि घरी परतून लिहून ठेवलं. ‘माझा प्रवास’ छापून आलं ते १९०७ साली. एका भिक्षुकाच्या हातून मराठीतलं पहिलं मोठं युद्धवार्तांकन झालं. त्याची परंपरा पुढे का चालली नाही? बाहेर जाऊन बातमी आणायला वर्तमानपत्राला पैसा लागतो, हे एक. इंग्रजी वृत्तसंस्थेचा मजकूर मराठीत उतरवून घेण्याची सवय लागली, हे दुसरं. १९७१ मध्ये मुंबईच्या ‘धर्मयुग’चे संपादक धर्मवीर भारती स्वतः बांगलादेशच्या आघाडीवर गेले आणि हिंदी वाचकाला तिथलं युद्ध त्यांच्या डोळ्यांनी दिसलं. त्याच शहरातून मराठीत किती संपादक गेले, हा प्रश्न विचारायलाच अवघड वाटतो.

आणि तिसरं कारण आपण २०२५ च्या मे महिन्यात टीव्हीसमोर बसून पाहिलं. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केलं, शत्रूच्या राजधानीत सैन्य घुसवलं. सकाळी त्यातलं काहीच घडलेलं नव्हतं. त्या रात्री एखाद्या मराठी बातमीदाराने ‘याला अजून दुजोरा नाही’ असं म्हणून बातमी अडवून ठेवली असेल, सीमेलगतच्या गावात जाऊन तोफगोळे पडलेली घरं मोजली असतील, देवळालीत किंवा ओझरमध्ये त्या दिवसांत बायकापोरं कशी राहत होती हे लिहिलं असेल. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, कारण तसं नाव पुढे आणणारी कुठलीही जागा मराठीत नाही. आरडाओरडा करणाऱ्याला प्रेक्षकसंख्या आपोआप बक्षीस देते. गप्प राहून खात्री करणाऱ्याला कोण देणार?

ही जागा नाशिकने करावी. टिळकवाडीतल्या कुसुमाग्रज स्मारकात कार्यकर्ते आहेत, सभागृह आहे, तात्यासाहेबांचं नाव आहे. १८४० पासून चाललेलं सार्वजनिक वाचनालय आहे आणि पुस्तकांना पुरस्कार द्यायची सवय या ‘सावाना’ला आहेच. तात्यासाहेबांनी १९५० मध्ये काढलेलं लोकहितवादी मंडळ आहे; २०२१ चं ९४ वं साहित्य संमेलन त्याच मंडळाने भरवून दाखवलं, करोनामुळे ते मार्चवरून डिसेंबरवर ढकलावं लागलं तरी. माणसं आहेत, अनुभव आहे. दरवर्षी एका मराठी पत्रकाराला, युद्ध असो वा नसो, संघर्षाच्या जागेवरून केलेल्या खात्रीच्या वार्तांकनासाठी मान द्यावा. सोबत सैनिकाने किंवा सैनिकाच्या घरच्यांनी लिहिलेल्या एका मराठी पुस्तकाचाही विचार व्हावा, म्हणजे ती ‘माहितीपर’ कपाटातून बाहेर येतील.

दोन अटी मात्र पहिल्याच बैठकीत लिहून ठेवाव्यात. या पुरस्काराला सरकारचा किंवा संरक्षण खात्याशी व्यवहार असलेल्या कंपनीचा एक रुपयाही घेऊ नये. आणि कोणत्याही युद्धावरच्या वार्तांकनाचा निवाडा ते युद्ध थांबल्यावर किमान दोन वर्षांनी करावा, म्हणजे लॉरेन्स कोण आणि वेलर कोण हे तोवर कळलेलं असेल. रक्कम लाखाची असायला हवी असं नाही. खांडेकरांनी ‘विशाखा’साठी केला तेवढा खर्च करायची तयारी असलेली चार माणसं नाशिकात आजही सहज निघतील. ज्यांची तयारी असेल त्यांनी येत्या २७ फेब्रुवारीच्या आत प्रतिष्ठानला किंवा सावानाला एक पत्र टाकावं.